पाणीमास्तर

लग्न होऊन किहीमला आले त्या दिवशी मी घरातल्या मोठ्यांच्या पाया पडत होते. चुलतसासऱ्यांपुढे वाकले, तर आशीर्वादाऐवजी हुकूम आला, "सूनबाई, जीभ दाखव."

मी घाबरून दाखवली.

"कोरडी ठाक! आधी हिला पाणी द्या, मग आशीर्वाद."

हे आमचे गणूमास्तर. मराठी शाळेतून निवृत्त झालेले, शेजारच्याच घरात एकटे राहणारे. गाव त्यांना पाणीमास्तर म्हणे आणि त्यांना ते आवडे. माणूस म्हणजे चालतीबोलती पखाल, हे त्यांचं ठाम मत. "रक्त वाहतं पाण्याने, अन्न जिरतं पाण्याने, घाम येऊन अंग निवतं तेही पाण्यानेच. गुडघा वाकतो ना, तिथेसुद्धा पाणी!" ओटीवर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "प्यायलास का?" ‘काय’ असं उलट विचारायची कुणाची छाती नव्हती.

एकदा वाडीच्या कुंपणावरून गावातले दोन भाऊ एकमेकांवर कोयते घेऊन उठले. मास्तर तांब्या घेऊन मध्ये उभे. "आधी पाणी, मग खून." दोघांना तांब्या तांब्या पाजला, परत भरून पाजला. थोड्या वेळाने भांडण टाकून दोघेही माडांच्या आड धावले. मयताच्या घरीही तेच. "प्या. रडायला पाणी कुठून आणाल?"

सासूबाई म्हणत, "भावजींचं डोकं पाण्यात गेलंय."

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडी गावात पटकी आली आणि तिने मला गाठलं. नवरा मुंबईला गिरणीत. जुलाब-उलट्यांनी माझे डोळे खोल गेले, पोटऱ्यांत गोळे आले. मी पाणी मागत होते आणि सासूबाई रडत रडत नाही म्हणत होत्या. पटकीत पाणी दिलं की माणूस जातो, असंच तेव्हा सगळे मानत.

भर दुपारी मास्तर आले. हातात उकळून निववलेलं पाणी, त्यात मीठ-साखर.

सासूबाई दारात आडव्या झाल्या. "पाणी पाजलंत तर पोर हाती लागणार न्हाय माझी!"

"वहिनी, अंगातलं सगळं पाणी चाललंय तिचं. परत घालायला नको?"

"तुमचा हट्ट तुमच्या घरी!"

मास्तरांचा आवाज एकदम उतरला. "माझ्या घरी मीही पाण्याला नाहीच म्हटलं होतं. पारू पटकीत पाणी पाणी करत गेली. तांब्या मीच उचलून बाहेर ठेवला होता."

पारू म्हणजे त्यांची बायको. ती गेल्यापासून हे नाव त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. सासूबाई बाजूला झाल्या.

मास्तर मला चमच्याने पाजत राहिले. उलटी झाली की थांबत, पुन्हा पाजत. संध्याकाळी, दिवसभरात पहिल्यांदाच मला लघवी झाल्याचं सासूबाईंनी सांगितलं, तशी मास्तरांनी ओटीवर जाऊन सगळ्या आळीला ऐकवलं, "झाली! सूनबाईला झाली!" लाजेने मेले असते, पण जगले होते.

मी हिंडूफिरू लागल्यावर सासूबाई एका दुपारी मास्तरांकडे गेल्या. चूल थंड, टोपात कालचा भात.

"भावजी, नुसत्या पाण्यावर माणूस जगत न्हाय. चला जेवायला."

"माझं होतं काहीतरी, वहिनी."

"काय होतं ते बघितलं मी. चला."

मास्तर मागोमाग आले, पाटावर बसले. ऊन ऊन भात आणि कालवणाचा पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात धरून ठेवला. मग मान खाली घालून जेवू लागले. सासूबाईंनी न विचारता आणखी भात वाढला.