सुपडूआप्पांच्या ऑपरेशनची तयारी

बाजाराच्या दिवशी आमच्या गल्लीतले सुपडूआप्पा कापसाच्या काट्यावर बसायचे. खरंच बसायचे. सारंगखेड्यात तेव्हा माणूस तोलायचं यंत्र नव्हतं, आणि आमचे हे एका व्यापाऱ्याच्या वखारीत काट्यावर कामाला होते. एका पारड्यात आप्पा मांडी घालून, साखळ्या घट्ट धरून, डोळे मिटून बसलेले. दुसऱ्या पारड्यात लोखंडी वजनं. बघायला निम्मा बाजार लोटायचा. कापसाच्या गाड्या दारात थांबून राहायच्या, पण कोणी कुरकुर करत नसे. एवढी करमणूक फुकटात कुठं मिळते?

आता तुम्ही म्हणाल, हा काय वेडेपणा? तर आप्पांना अंतर्गळ होता. उठता-बसता पोटाखाली गोळा यायचा आणि माणूस कळवळायचा. नंदुरबारच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ऑपरेशन करावंच लागेल, नाहीतर एखाद्या दिवशी आतडं अडकून जिवावर बेतेल. पण म्हणाले, एवढ्या चरबीत मी सुरी घालणार नाही. आधी पोट उतरवा, मग या.

झालं! आप्पांची तयारी सुरू झाली.

डॉक्टर बाहेरचे होते. त्यांनी पहिलं पथ्य सांगितलं, भात बंद. आप्पांनी ते आनंदानं कबूल केलं आणि आयुष्यभर पाळलं. आमच्या खानदेशात भात खातो कोण? भाकरीचं डॉक्टर काही बोलले नव्हते. वरण-बट्टीचं तर त्यांना नावही ठाऊक नसावं. खापरावरच्या पुरणपोळीबद्दल आप्पांचं मत असं की ती कागदासारखी पातळ, कागदाला कसलं आलंय वजन! मी आमच्या ओट्यावरून टोकलं की मांडीवर थाप मारून म्हणायचे, "पोट आपलंच शे, कोठे पळी जास?"

जिजी, म्हणजे त्यांची बायको, दारातून नुसती हसायची. काटकुळी, अबोल बाई. मूलबाळ नव्हतं. सकाळ-संध्याकाळ चुलीपुढं बसायची आणि आप्पांच्या ताटात गरम भाकरी टाकायची, एवढाच तिचा संसार.

त्यात आमच्या ह्यांनी एक घोळ घातला. कापूस तोलला की पोत्याचा आणि धुळीचा म्हणून कडता कापायचा, ही वखारीतली रीत. ह्यांचा हात इतका बसलेला की आप्पांच्या वजनातूनही ते दर खेपेला कडता कापत. पोतं तर पोतं! आप्पा खूश होऊन नंदुरबारला गेले, आणि तिथल्या काट्यानं खरं काय ते सांगितलं. परत आल्यावर आप्पांनी भर वखारीत ह्यांना विचारलं की मी काय ओला कापूस आहे का? हे बिचारे मान खाली घालून सरकी निवडत बसले.

पुढे मण-शेर गेले आणि किलो आले. काल-परवापर्यंत तीन मणांचे असलेले आप्पा एकदम शंभराच्या वर गेले. आठवडाभर त्यांनी सरकारला शिव्या घातल्या. मी कमी करत आणलेलं दिल्लीवाल्यांनी एका दिवसात वाढवलं, असं भेटेल त्याला सांगत होते.

हसण्यावारी किती दिवस जाणार? एका हिवाळ्यात गोळा आत जाईना. आप्पा दिवसभर खाटेवर तळमळले, जिजी उशाशी दगडासारखी बसून राहिली. संध्याकाळी कसाबसा आराम पडला. त्या दिवसापासून मात्र माणूस बदलला. अर्धी भाकर, पातळ वरण, तूप नाही. पहाटे उठून तापीच्या काठानं चालायचे. लग्नाच्या पंगतीत पेलाभर पाणी पिऊन उठायचे. आणि उतरलं हो वजन! ह्यांनी कडता न कापता तोललं, तरी उतरलं. सदरा ढगळ झाला. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की या, असं डॉक्टरांनीही सांगितलं. मला इतकं बरं वाटलं की मी मारुतीला नारळ बोलले.

आणि आखाजीच्या दिवशी बघते तर काय, आप्पा पाटावर बसून आमरस-पुरणपोळी हाणताहेत! जिजी वाढतेय, आप्पा जेवताहेत. त्या दिवसापासून पुन्हा पहिले पाढे. गावानं छी-थू केली. मीही ओट्यावरून वाट्टेल ते सुनावलं. जरा जिभेला आवरलं असतं तर काय बिघडलं असतं, म्हटलं. आप्पा मांडीवर थाप मारून हसले, पण दर वेळचं वाक्य काही म्हणाले नाहीत. डॉक्टरांनी हाकलून दिलं. आप्पांनी पोटाला धोतराचा पट्टा आवळला आणि तशीच वर्षं काढली. एक माणूस जिभेपायी जिवाशी खेळतोय, याचा मला भारी राग यायचा.

मग जिजी गेली. चार दिवस तापाचं निमित्त झालं.

त्यानंतर आप्पा पथ्य न करता वाळले. शेजारपाजारचे डबे द्यायचे. निम्मे तसेच परत यायचे. बाजाराच्या दिवशी काट्याकडे फिरकेनासे झाले. दुखणं वाढलं तेव्हा हे आणि मी त्यांना एस.टी.नं नंदुरबारला घेऊन गेलो. डॉक्टर आता म्हातारे झाले होते. त्यांनी आप्पांना काट्यावर उभं केलं आणि खूश झाले. शाब्बास, म्हणाले, अशी तयारी हवी! दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं.

दुपारी हे औषधं आणायला गेले. मी आप्पांच्या खाटेजवळ बसले होते. मला राहवेना. म्हटलं, आप्पा, हीच तयारी त्या वर्षी केली असती, तर जिजीनं तुम्हाला धडधाकट बघितलं असतं.

आप्पा खाटेवर माझ्याकडे वळले.

"बेटा, ती मन्हा मांगेच जेवे," ते म्हणाले. "मी अर्धी भाकर खाऊ, तं ती पाव खाये. मी नको म्हनू, तं ती पानी पी सन उठी जाये. गयरं समजाडं तिले. नवरा उपाशी नि मी कशी खाऊ, म्हने. मन्हं पोट उतरनं, तिन्हा गाल उतरनात. आखाजीले ती चुलीपुढे चक्कर ई सन पडनी. मंग मी म्हनं, पोट ऱ्हाऊ दे. बाई जेवाले पाहिजे."

आखाजीला ओट्यावरून मी काय काय बोलले होते, ते सगळं आठवलं. आणि त्यांनी मला एका शब्दानंही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर ते जिजीच्या कानावर गेलं असतं, आणि तिला वाटलं असतं की आपल्यापायी नवऱ्याचं ऑपरेशन राहिलं. म्हणून त्यांनी खादाड हे नाव घेतलं आणि ते शेवटपर्यंत वागवलं.

संध्याकाळी नर्सबाई आली. तिनं माझ्या हातातला डबा बघितला आणि दटावलं की आता यांना काही द्यायचं नाही, ऑपरेशन होईपर्यंत कडक उपास. मग आप्पांकडे वळून तिनं जरा मायेनं विचारलं, "राहवेल ना बाबा, उपाशी?"

"ऱ्हासू ना, बाई," आप्पा म्हणाले. "आते मन्हाकरता कोनी खोळंबेल नही."