रेंजवरची गाडी

किशनरावांनी मुखेड आगाराची एसटी एकतीस वर्षं चालवली. त्यामुळे घरात भाजी कोणती करायची हे सिंधुबाई ठरवत, पण चाकांचा विषय निघाला की शेवटचा शब्द किशनरावांचा. दारात उभ्या असलेल्या त्या चिमुकल्या विजेच्या गाडीला त्यांनी दोन चकरा मारल्या आणि निकाल दिला, "ही गाडी न्हाई, डबा हाय. झाकण कुठून उघडतंय?"

त्यांची मुलगी पुनम गाडीच्या काचेवरची धूळ पुसत राहिली. बावीस किलोमीटरवरच्या झेडपीच्या शाळेत ती रोज स्कूटीवर जायची आणि मागच्या पावसाळ्यात दोनदा चिखलात आडवी झाली होती. मोठी गाडी तिच्या पगारात बसत नव्हती, ही बसत होती. नांदेडच्या शोरूममधल्या बजरंगने गाडी एका दिवसासाठी आणून दिली होती आणि संध्याकाळी तो होकार-नकार ऐकायला येणार होता. आप्पा नाही म्हणाले की पुन्हा स्कूटी आणि पुन्हा चिखल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बॅटरी पेट घेती म्हंतेत," किशनराव म्हणाले.

"काका, तुम्ही एकतीस वर्षं डिझेलच्या टाकीवर बसून काढली," गाडीशेजारी उभा असलेला बजरंग म्हणाला. "तुमचा मोबाइल गाडीला जोडून दिलाय. फक्त रेंजकडं लक्ष ठेवा. रेंज संपली की गाडी जाग्यावर उभी."

"मी आधी चालवून बघतो," असं म्हणून किशनरावांनी किल्ली घेतली. पुनम स्कूटीवर शाळेला गेली आणि किशनराव सिंधुबाईंना घेऊन घाटापलीकडच्या गावी, बहिणीकडे, पंचफुलाबाईंकडे निघाले.

गाडी सुरेख चालत होती. सिंधुबाई समोरच्या पडद्याकडे बघत होत्या. "आवो, हे एकशे बेचाळीस काय हाय?"

"मॉडेल असंल."

थोड्या वेळाने तिथे एकशे एकतीस झालं. "मॉडेल बदलायलंय की."

"किलोमीटर उलटे मोजायलंय. नवी कंपनी हाय, शिकंल हळूहळू."

किशनरावांचं सगळं ध्यान मोबाइलवर होतं. गावातून निघताना रेंजच्या चार काड्या होत्या. घाट उतरताना तीन झाल्या, मग दोन, आणि ओढ्याच्या पुलापाशी एकही राहिली नाही. त्यांनी लगोलग गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

"काय झालं?"

"रेंज गेली. बंद पडून इज्जत घालवण्यापरीस आपणच थांबलेलं बरं."

"पर चालू तर होती."

"तीच तर गोम हाय. यष्टी बंद पडायच्या आधी खाकरती तरी."

पाऊण तास ते हात उंच करून काड्या शोधत हिंडले. तेवढ्यात एसटी आली. आत कंडक्टर जहांगीर, किशनरावांचा बारा वर्षांचा जोडीदार. त्याने बेल मारून गाडी थांबवली.

"उस्ताद, काय झालं?"

"रेंज न्हाई. हिला रेंज लागती."

जहांगीरने मान डोलावली. मोबाइलला लागते तर गाडीला का लागू नये? "वरच्या माळावर फुल रेंज हाय. उतरा रे सगळे, उस्तादची गाडी हाय."

शहाण्यासुरत्या एका गुरुजींनी "अहो, पण ही रेंज म्हणजे" एवढं म्हणून पाहिलं. पण आपल्याकडे एकदा धक्का मारायला सुरुवात झाली की कारण कुणी विचारत नाही. गुरुजींनीही पिशवी सिंधुबाईंकडे दिली आणि खांदा लावला. धडधाकट गाडी घाट चढून माळावर आली. मोबाइल लगेच वाजला.

"आप्पा, गाडीची रेंज किती किलोमीटर दाखवायलीय?" पुनमने काळजीने विचारलं.

"चार काड्या."

"काड्या?"

"ठेव आता, मानसं खोळंबलीत."

जहांगीर घाम पुसत म्हणाला, "उस्ताद, आपली गाडी ढकलायला मी वीस मानसं उतरवायचो. हिला सहाच पुरली."

सगळे हसले आणि किशनरावही पोट धरून हसले. निवृत्त झाल्यापासून दोन वर्षं ते ओट्यावर बसून जाणाऱ्या एसटीचे हॉर्न ओळखत असत. रस्त्यात मध्येच उभं राहून "उस्ताद" म्हणवून घेण्याचं सुख त्यांना किती दिवसांनी मिळालं होतं. पंचफुलाबाईंच्या गावात रेंज नाही म्हणून ते तिथूनच माघारी फिरले, पण परतताना गाणं गुणगुणत होते.

संध्याकाळी बजरंग आला. पुनम दाराशी जीव मुठीत धरून उभी होती. आईने तिला स्वयंपाकघरातच सगळी हकिगत सांगितली होती.

"घ्यायची," किशनराव म्हणाले. "ल्हान हाय म्हंता? रेंज गेली, पर ल्हान हाय म्हणून तर सहा मानसांच्या धक्क्यात घाट चढली. मोठी असती तर तिथंच रात काढली असती."

"पण काका, ढकलली कशाला? रेंज म्हणजे..."

"बजरंगभाऊ, चहा घ्या," पुनम घाईने म्हणाली आणि कप त्याच्या हातात कोंबला.

किशनरावांचं लक्षच नव्हतं. "पुनमच्या शाळंच्या रस्त्याला तीन जागी रेंज न्हाई, मला ठावं हाय. तिथं एकट्या पोरीचं काम न्हाई. उद्यापासून सोडायला मीच येतो."

एकटीने, दारं बंद करून, आवडती गाणी मोठ्याने लावत शाळेला जायचं, असं पुनमने वर्षभर मनात रंगवलं होतं. तिने आप्पांकडे पाहिलं. त्यांनी खुंटीवरची जुनी खाकी टोपी काढली होती आणि ते ती झटकत होते.

"हाव आप्पा," ती म्हणाली. "तिथं तुम्हीच पायजेत."