खजुराच्या बिया आणि हाताचं माप

घोरपडे हवालदारांच्या टेबलावर चहाचे तीन काचेचे ग्लास असत आणि त्यांत चहा कधीच नसे. खजुराच्या बिया असत.

हवालदार फौजेतून निवृत्त झालेले, गाव कागलकडचं. शारजाच्या एका शूटिंग क्लबात पिस्तुलं साफ करायची, दुरुस्त करायची, हे त्यांचं काम. मी सुतार. शाळा चौथीपर्यंत, पण माझं माप चुकलेलं कुणी दाखवावं. पिस्तुलाच्या मुठीला दोन्ही बाजूंनी लाकडी पट्ट्या असतात, त्या मी बनवून द्यायचो. तीच ओळख.

क्लबात जुन्या घाटणीची तीन पिस्तुलं होती. घडण एकच, देश तीन. गिऱ्हाईक गोळ्या झाडताना एखादं अडकलं, की हवालदार एक खजूर खायचे आणि बी त्या पिस्तुलाच्या ग्लासात टाकायचे. साखर वाढली म्हणून डॉक्टरनं खजूर बंद केले, तेव्हा खजूर मला खायला लावून बी परत मागून घ्यायला लागले.

मरीना या श्रीमंत वस्तीतली गॉगलवाली पोरं विचारायची, "अंकल, बेस्ट कोणतं?" हवालदार ग्लास पुढं सरकवायचे. अमेरिकेचं आठ हजार दिरहम, म्हणजे जवळजवळ दोन लाख रुपये, बिया पाच. फिलिपाईन्सचं निम्म्यात, बिया तीन. लाख रुपये जास्त देऊन नुसती चकाकी चाटायची का? तुर्कस्तानच्या ग्लासात अकरा बिया, पण गोळ्या भरायच्या मॅगझिनची स्प्रिंग बदलल्यापासून एकही वाढली नव्हती. ते मात्र नापास पोरगा पास झाल्यासारखं सांगायचे.

हाच काटा सगळ्याला. कुकर असो, एसी असो, कुणाचा जावई असो. "किंमत सोडा, अडकतं किती ते सांगा." मला एकदा म्हणाले, मिस्त्री, तुम्ही स्वस्त आहात, पण फार अडकता. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

नवव्या दिवशी तेच आले. पाकिटातून कागद काढला. घड्या पडून पडून कापडासारखा मऊ झालेला. त्यावर पेन्सिलीनं काढलेला एक हात. फिलिपाईन्सच्या पिस्तुलाला या हाताच्या पट्ट्या करा म्हणाले, आणि यल्ला, चला लवकर, पंधरा दिवसांत.

त्यांची मुलगी तेजू येणार होती. कोल्हापुरात होस्टेलवर राहून नेमबाजी शिकते. सात वर्षं बापलेकीची भेट नाही. यांना सुट्टी मिळायची तेव्हा तिचे सामने कुठंतरी लांब. वर्षभर त्या बिया जमवल्या त्या तिच्यासाठी, हे मला तेव्हा कळलं. तिच्या हातात द्यायचं ते दगा न देणारं पाहिजे होतं. क्लबाच्या मालकानं तिला गोळ्या झाडायला अर्धा तास द्यायचं कबूल केलं होतं.

मी कागद बघून म्हणालो, "हवालदार, हा लहान पोराचा हात आहे."

"तिचाच आहे. बांगड्यांसाठी माप घेतलं होतं."

इकडं आपले लोक घरच्यांच्या हाताचं माप असंच पाकिटात घेऊन फिरतात. सोन्याच्या बाजारात गेलं की काढतात. पण पोरगी आता एकोणीस वर्षांची, हे मी त्यांना सांगितलं.

"रोज फोनवर बघतो तिला. काही बदलली नाही."

"फोनवर तोंड दिसतं. हात कुठं दिसतो?"

"सांगितलं तेवढं करा."

केलं. कागदाबरहुकूम, पातळ. आणि दुसरी एक जोडी केली माझ्या मनानं, सुनेच्या हाताच्या अंदाजानं. ती खिशात ठेवली.

तेजू आली. बापापेक्षा वीतभर उंच. पिस्तूल हातात घेतलं तशी तिची बोटं मुठीला वळसा घालून एकमेकांवर चढली. "छान आहे, पप्पा," म्हणाली आणि सगळ्या गोळ्या झाडल्या. एकदाही अडकलं नाही. नेम कुठं लागला ते हवालदारांनी पाहिलंच नाही. ते तिच्या हाताकडं बघत होते.

मी दुसरी जोडी टेबलावर ठेवली. त्यांनी पिस्तूल रिकामं केलं, स्क्रू काढले, पट्ट्या बदलल्या. मूठ बरोबर बसली. लहान पट्ट्या त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशात घातल्या. आता तरी म्हणतील, मिस्त्री, तुमचं माप खरं. तसं काही ते म्हणाले नाहीत. माझ्या कानावरची पेन्सिल घेतली आणि तो मऊ कागद उलटा करून पसरला.

"हात ठेव."

"पप्पा, बांगड्या नकोत मला."

"ठेव गं."

तिनं ठेवला. त्यांनी अंगठ्यापासून सुरुवात केली. करंगळीपर्यंत जाईतो पेन्सिल मधे मधे अडकत होती. किती वेळा, ते मी मोजलं नाही.