अंशतः समाधान

महिन्याच्या एक तारखेला जावईबापूंनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं, की येत्या तीस तारखेला आपण नोकरीत कायम झालो नाही तर नाव बदलून ठेवीन. बायको इस्पितळातल्या प्रयोगशाळेत जायच्या गडबडीत होती. ती म्हणाली, बरं, पण जाताना कचरा खाली न्या. मोठ्या प्रतिज्ञांना घरातून बहुधा असाच प्रतिसाद मिळतो.

जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. पण सासरे दोन महिन्यांपासून मुक्कामाला होते आणि घरात ऊठसूट 'जावईबापू, जावईबापू' चाललेलं असे. त्यामुळे आपणही तेच म्हणू.

जावईबापू परदेशात येऊन ज्या कंपनीत चिकटले होते, ती कंपनी तळलेल्या कोंबडीची दुकानं चालवायची. लग्न ठरताना त्यांनी सासऱ्यांना सांगितलं होतं, की मी एका अन्न कंपनीत गुणवत्ता अधिकारी आहे. प्रत्यक्षात ते चौथ्या मजल्यावरच्या तक्रार विभागात खिडकीपासून सर्वांत लांबच्या टेबलावर बसून माफी मागायचे. आठ तास माफी, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. ग्राहकाने बिलावरचा नंबर टाकून फोनवरून तक्रार लिहायची, ती ज्याच्या टेबलावर पडेल त्याने उत्तर द्यायचं, सोबत फुकट कोंबडीचं कुपन जोडायचं, आणि मग ग्राहकाने तीन बटणांपैकी एक दाबायचं: समाधान, असमाधान, अंशतः समाधान.

'समाधान' दाबलं की तक्रार बंद. 'असमाधान' दाबलं की तक्रार वरच्या मजल्यावर जाई आणि तिथे तिचं काय होई ते देवाला ठाऊक. तिसरं बटण कुणी आणि का ठेवलं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते आजवर कुणी दाबलंच नव्हतं. ते दाबलं, तर तक्रार उघडी राहून त्याच टेबलावर परत येणार होती. आणि जावईबापूंना कायम करायची अट एकच होती, की तीस तारखेला टेबलावर एकही तक्रार उघडी नको. नाही तर घरी. घरी म्हणजे विमानात बसून जावं लागतं त्या घरी.

आता सासरे. पाणीपुरवठा खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. लोकांच्या तक्रारी चौतीस वर्षं घेतल्या, त्यामुळे तक्रार कशी लिहिली की ती कुणाच्या बापाला निकालात काढता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच कळत नसेल. सासूबाई गेल्यापासून ते एकटे होते म्हणून लेकीने बोलावून घेतलं. पण लेक सकाळी आठला बाहेर, जावई साडेआठला. मागे उरले सासरे, चार खोल्या आणि वाचता न येणारं वर्तमानपत्र. शेजारी लिफ्टमध्ये हसायचे आणि दार लावून घ्यायचे. करणार काय? दुपारी एकला मफलर गुंडाळून, छत्री घेऊन ते कोपऱ्यावरच्या दुकानात जायचे. दुकान अर्थातच जावईबापूंच्या कंपनीचं होतं, पण सासऱ्यांना ते माहीत नव्हतं. आणि सासरे रोज तिथे जातात हे जावईबापूंना माहीत नव्हतं.

त्या कोंबडीने सासऱ्यांचा घात केला. बाहेरून गोधडीसारखं जाड आवरण, आत पांढराफटक, बेचव गर. डब्यावर तीन लाल मिरच्या छापलेल्या, आत मिरचीचा मागमूस नाही. मीठ आवरणाला, मांसाला नाही. लिंबू मागितलं तर गोड चटणीची पुडी देत. कांदा मागितला तर मुलगी हसून कागदी रुमाल देई. तंगडी हवी म्हणून त्यांनी स्वतःच्या मांडीवर थाप मारून दाखवली, तर तिने मॅनेजरला बोलावलं. चार दिवस त्यांनी सोसलं. पाचव्या दिवशी चष्मा पुसला, फोनशी मराठीत बोलून त्याचं तिथल्या भाषेत भाषांतर करून घेतलं, आणि तक्रार ठोकली. नऊ परिच्छेद, प्रत्येकाला क्रमांक, शेवटी 'आपला नम्र, एक ग्राहक'.

ती जावईबापूंच्या टेबलावर पडली. त्यांनी नेहमीचं माफीचं पत्र पाठवलं, कुपन जोडलं. अर्ध्या तासात उत्तर आलं: अंशतः समाधान. पत्राच्या भाषेबद्दल समाधान, मजकुराबद्दल नाही. परिच्छेद तीन, पाच व आठला उत्तर मिळालेलं नाही, तरी ते द्यावं. कुपनावर सासरे दुसऱ्या दिवशी परत जेवले, त्यामुळे परिच्छेद दहा ते चौदा जन्माला आले.

वीस तारखेपर्यंत अकरा पत्रं झाली आणि अकरा कुपनं गेली. विभागात त्या ग्राहकाची दहशत बसली. हा निवृत्त न्यायाधीश असावा असं विभागप्रमुख बाईंचं मत पडलं. जावईबापूंना रात्री स्वप्नात परिच्छेद दिसू लागले.

एकवीस तारखेला तिघं जेवायला बसली असताना सासरे म्हणाले, की आज त्या कोंबडीवाल्यांचं पत्र आलंय, ऐका गंमत. त्यांनी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवला आणि फोन मराठीत बोलू लागला: 'आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या असून आम्ही त्यांचा मनापासून आदर करतो.'

जावईबापूंनी उचललेला घास ताटात परत ठेवला. ते वाक्य त्यांनी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं.

"भावना पोचल्या म्हणतो," सासरे म्हणाले. "मी मिठाबद्दल लिहिलं होतं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, आणि तिच्या लक्षात सगळा प्रकार आला. ती पाणी आणायला म्हणून जी आत गेली ती तोंडात पदर कोंबूनच बाहेर आली. सासरे सांगत होते, की उत्तर देणारा हा माणूस बुद्धीने बेताचाच आहे, पण रोज न चुकता उत्तर देतो, हे आजकाल कोण करतं? सकाळी उठल्यावर त्याचं काही आलंय का ते आधी बघतो मी. हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला होता, की जावईबापूंना त्यांच्यावर धड रागावताही येईना.

आता खरं सांगायचं तर दोन्हीकडून मरण. घरी सांगितलं, तर गुणवत्ता अधिकाऱ्याचं पितळ उघडं पडणार. कार्यालयात सांगितलं, तर त्याहून वाईट. कर्मचाऱ्याच्या घरच्यांना कुपन द्यायचं नाही, असा नियम होता, आणि या गृहस्थांनी आजचं धरून बारा कुपनं स्वतःच्याच घरी धाडली होती. बायको म्हणाली, सांगून टाका. जावईबापू म्हणाले, मी बघतो काय ते.

त्यांनी बघितलं ते असं. कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करून, मी मुख्य कार्यालयातून बोलतोय असं सांगून, हुकूम सोडला, की दुपारी एकला मफलर आणि छत्रीवाले एक वयस्कर गृहस्थ येतील, त्यांना ताज्या तेलात तळलेल्या चार तंगड्या द्या, मीठ आतपर्यंत मुरलं पाहिजे, आणि फार विचारू नका. 'फार विचारू नका' हे घातलं नसतं तर बरं झालं असतं. दुकानाने ओळखलं, की हा गुप्त तपासनीस आहे. संध्याकाळी पत्र आलं: 'आज तंगड्या मिळाल्या. मीठ होतं. यावरून सिद्ध होतं, की हे तुम्हाला जमतं आणि इतके दिवस तुम्ही मुद्दाम करत नव्हता. याचा खुलासा व्हावा. शिवाय मॅनेजरने खुर्ची ओढून दिली आणि मी चावत असताना चार माणसं हात बांधून बघत उभी होती. घास उतरेना. अंशतः समाधान.'

पंचवीस तारीख उजाडली. विभागप्रमुख बाई टेबलाशी येऊन एवढंच म्हणाल्या, की फक्त ती एक तक्रार उघडी दिसतेय. जावईबापूंनी त्या दिवशी नेहमीचा मजकूर बाजूला सारला आणि आयुष्यातलं पहिलं खरंखुरं कार्यालयीन पत्र लिहिलं. साहेब, मी अजून कायम नाही. आपली तक्रार तीस तारखेला उघडी राहिली तर माझी नोकरी जाईल. घरी पत्नी आहे, वृद्ध सासरे आहेत.

उत्तरात एकही परिच्छेद नव्हता. फक्त दोन प्रश्न होते. नोकरी किती झाली? आणि सासरे तुमच्याकडे का राहतात, काही कामाला हातभार लावतात की नुसते बसून खातात?

जावईबापूंनी बराच वेळ विचार केला. मग लिहिलं, की सासरे सज्जन आहेत, पण दिवसभर एकटे असतात. मी घरी जातो तेव्हा दमलेला असतो. त्यांच्याशी काय बोलावं ते मला सुचत नाही. खरं म्हणजे मला त्यांची थोडी भीती वाटते.

हेही पत्र रात्री तांब्याला टेकून वाचलं गेलं. फोन बोलायचा थांबला. मग सासरे हळू आवाजात म्हणाले, "पोरगा चांगला आहे. पण घरात म्हातारा माणूस आणि त्याच्याशी बोलायचं नाही, हे काही बरं नव्हे. आपल्याकडे तसं नाही, जावईबापू."

त्या जेवणात जावईबापू तोवर फक्त 'भात द्या' इतकंच बोलले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि एक वाजता सासऱ्यांबरोबर बाहेर पडले. सासऱ्यांनी त्यांना सरळ दुकानात नेलं, छत्री टेबलाला अडकवली आणि एक डबा घेतला. कंपनीची कोंबडी जावईबापू त्या दिवशी पहिल्यांदाच खात होते, कारण कार्यालयात ती खाणारा कुणी नव्हता. तीन घास खाल्ले आणि त्यांच्या लक्षात आलं, की परिच्छेद एक ते तेवीस शब्दशः खरे आहेत. कोंबडी खरंच वाईट आहे, असं ते बोलूनही गेले. सासरे इतके खूश झाले, की त्यांनी पाणीपुरवठा खात्यातली फुटलेल्या मुख्य वाहिनीची हकिगत सुरू केली. ती दोन तास चालली. आणि मजा म्हणजे जावईबापूंना ती आवडली. उठताना त्यांनीच विचारलं, मग तो इंजिनिअर सापडला का? उरलेलं उद्या, असं सासरे म्हणाले. उद्या झालं, परवा झालं. घरात जेवताना आवाज वाढू लागले.

तीस तारखेला दुपारी चारपर्यंत पडद्यावर काही हललं नाही. बाई दोनदा येऊन उभ्या राहून गेल्या. चार वाजून दहा मिनिटांनी निरोप आला: 'समाधान.' खाली लिहिलं होतं, की उत्तर देणारा कर्मचारी नम्र व चिकाटीचा असून खात्याने त्यास अवश्य कायम करावं. पाच वाजता बाईंनी जावईबापूंच्या हातात कायम झाल्याचं पत्र ठेवलं. त्यांनी कुणाच्या लक्षात यायच्या आत डोळे पुसले, आणि 'एक ग्राहक' यांना आभाराचा निरोप धाडला, की साहेब, आपल्यामुळे मी आज कायम झालो.

रात्री सासऱ्यांनी तो निरोप तीनदा वाचून घेतला. म्हणाले, की चौतीस वर्षांत पहिल्यांदाच खोटं समाधान नोंदवलं, पण कारकुनाने कारकुनाच्या पोटावर पाय आणू नये. जावईबापूंना भरून आलं. या माणसापासून आता काही लपवायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ताट बाजूला सारलं, बायकोकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "बाबा, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"सांगा की," सासरे म्हणाले. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, तांब्याला टेकलेला फोन हातात घेतला आणि मांडी नीट घातली. "फक्त दोन मिनिटं थांबा. पोरगा कच्चा होता, म्हणून इतके दिवस हात राखून लिहीत होतो. आता कायम झालाय, आता त्याला कसलीच भीती नाही. आता पहिल्यापासून सगळं मोकळेपणानं लिहितो."

मग त्यांनी विचारलं, तुम्ही काय सांगत होता? जावईबापूंनी ताट परत पुढे ओढलं आणि म्हणाले, काही नाही, भात द्या.