एका फ्रीजपुरते स्वातंत्र्य

फानुमाय राज्यातल्या एकमेव सरकारी दवाखान्याचा फ्रीज ज्या दिवशी बंद पडला, त्या दिवशी आपल्याला स्वातंत्र्य हवे आहे याची फानुमायमध्ये कोणालाच कल्पना नव्हती. लोक नीरफणस कुटत होते, डब्यातला बांगडा उघडत होते आणि राजधानी तीन दिवसांच्या जलप्रवासावर आहे याबद्दल देवाचे आभार मानत होते.

दवाखान्याची परिचारिका कियोमी. डॉक्टरही तीच, औषधेही तीच देई आणि सायंकाळी झाडूही तीच मारी. फानुमाय ज्या बेटांच्या महासंघात होते, त्याचे जहाज दर तीन महिन्यांनी यायचे. त्यातून बर्फाच्या पेटीत मुलांसाठी लस यायची. बर्फ तिसऱ्या दिवशी संपत आलेला असे, त्यामुळे सूर्य मावळायच्या आत लस टोचली तर ती लस, नाहीतर पाणी. जहाज आले रे आले की कियोमी सुई घेऊन गावभर पोरांच्या मागे धावत सुटे, आणि पोरे नीरफणसाच्या झाडांवर चढून बसत. पण राज्यातल्याच दूरच्या पिसार बेटावर होडीने जायलाच एक दिवस लागे. तिथली एकोणीस तान्ही मुले लसीवाचून राहिली होती. जानेवारीत शेजारच्या राज्यात गोवर आला, तेव्हापासून कियोमीला धड झोप नव्हती. गोवराला जहाजाची वाट पाहावी लागत नाही, हे तिला ठाऊक होते.

चार वर्षांत तिने केंद्राला नऊ पत्रे लिहिली. पहिल्याचे उत्तर आले की फ्रीज पूर्णतः बंद आहे की अंशतः, याचा खुलासा करावा. तिने खुलासा केला. मग आले की तपासणीसाठी फ्रीज राजधानीस पाठवावा. तिने तो जहाजावर चढवला. त्यावर उत्तर आले: आपल्या दवाखान्यात सध्या फ्रीज नसल्याने तो बंद असल्याची तक्रार ग्राह्य धरता येत नाही.

दहाव्या पत्रावर राज्याच्या गव्हर्नरची सही घ्यायचे ठरले. गव्हर्नर अंतोलिन हा तिचा सख्खा थोरला भाऊ, आणि इथेच घोडे अडत असे. फानुमायमध्ये भाऊ बसला असेल तर बहिणीने त्याच्याहून उंच दिसू नये, कमरेत वाकून जावे, आणि त्याच्या तोंडावर वाद तर मुळीच घालू नये. अंतोलिन सदैव बसलेला असे. परिणामी राज्याची आरोग्य व्यवस्था सदैव वाकलेली असे.

सही झालेला कागद घेऊन ती दाराशी वाकूनच उभी राहिली. पत्राच्या शेवटी भावाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती: ‘अन्यथा फानुमायला स्वतंत्र होण्याचा विचार करावा लागेल.’

“दादा, हे काय लिहिलंस?” तिने जमिनीकडे बघत विचारले.

“एक ओळ रिकामी राहत होती गं. मोकळ्या जागेखाली सही केली की लोक नंतर वर काहीही लिहितात. म्हटलं आपणच भरून टाकू.”

नऊ पत्रांना जे जमले नाही ते त्या ओळीने केले. बाराव्या दिवशी खास जहाज आले. फानुमायच्या इतिहासात वेळेआधी आलेले ते पहिलेच जहाज होते, त्यामुळे धक्क्यावर कोणी नव्हते.

जहाजातून ‘विलगीकरण शक्यता पडताळणी आयोग’ उतरला. एकंदर चौदा माणसे. अध्यक्ष ऑगुस्तीन हे राजधानीच्या बेटावरचे, गोल आणि प्रेमळ गृहस्थ. सल्लागार डॉक्टर लिंडक्विस्ट हे जिथे सहा महिने बर्फ पडतो अशा देशातून खास मागवलेले. बेटांबद्दल त्यांचा अभ्यास दांडगा होता, कारण त्यांनी पूर्वी एकही बेट पाहिलेले नव्हते आणि त्यामुळे मन अगदी निःपक्षपाती होते. पाठोपाठ एक जनरेटर उतरला, आणि त्यामागून दोन फ्रीज. एक बिअरसाठी, एक डॉक्टरसाहेबांच्या चीजसाठी.

कियोमी त्या दोन फ्रीजकडे बघतच राहिली. त्याच जहाजातून लसही आली होती. ती धावत अध्यक्षांकडे गेली.

“साहेब, चीजच्या बाजूला एवढीशी जागा द्या. दोन दिवस. पिसारची मुलं टोचून येते.”

“बाई, हा आयोगाचा फ्रीज,” ऑगुस्तीन फार मऊपणे म्हणाले. “फानुमायनं राहावं की जावं, यावर आयोगाचं मत अजून बनलेलं नाही. तुमची लस आत ठेवली तर आम्ही ‘राहा’ म्हणतोय असा अर्थ निघेल.”

“आणि नाही ठेवली तर?”

“तर ‘जा’ म्हणतोय असा. म्हणून तुम्ही विचारलंच नाहीत आणि मी ऐकलंच नाही, हे सगळ्यात बरं. बिअर घेता?”

सायंकाळी पिसारच्या वाट्याच्या लसीचे पाणी झाले. कियोमीने ती एकेक बाटली मोरीत ओतली आणि मग बराच वेळ तिथेच उभी राहून रडली.

आयोग नऊ दिवस राहिला. पाहुणा आला की आधी त्याने जेवायचे आणि त्याने नको म्हणेपर्यंत वाढायचे, ही फानुमायची रीत. आयोगाच्या कार्यकक्षेत नको म्हणणे बसत नव्हते. गावाचा तीन महिन्यांचा तांदूळ, अकरा डुकरे आणि कुटलेल्या नीरफणसाचे डोंगर संपले. शेवटच्या दिवशी सभागृहाबाहेर जाहीर सुनावणी झाली.

सुनावणीपुढे पहिला पेच उंचीचा. कियोमीने उभे राहून साक्ष द्यायची तर गव्हर्नर तिच्याहून वर हवा. खुर्चीवर खुर्ची ठेवून पाहिली, ती मोडली. अखेर गव्हर्नर अंतोलिन आपणहून नीरफणसाच्या झाडावर चढले आणि त्यांनी दुसऱ्या फांदीवरून अध्यक्षीय प्रास्ताविक केले. डॉक्टर लिंडक्विस्ट यांनी वहीत नोंद केली की येथील शासन उंचावर असून जनतेस सहजी दिसत नाही. ही बाब प्रगत देशांशी मिळतीजुळती आहे.

मग त्यांनी लोकांना विचारले, “तुम्हाला महासंघातून बाहेर पडायचंय का?”

सहाशे माणसांनी एकदम भुवया उंचावल्या. फानुमायमध्ये हो म्हणायला तोंड उघडत नाहीत, भुवया वर करतात. हो कशाला म्हटले? माणूस इतक्या लांबून एक प्रश्न घेऊन आला, त्याला काय नाही म्हणून परत पाठवायचे?

मग ऑगुस्तीन उठले. “म्हणजे आपल्याला एकत्रच राहायचंय, हो ना?”

तेही पाहुणेच. सहाशे जणांच्या भुवया पुन्हा वर गेल्या.

डॉक्टरांनी लिहिले: ‘दोन्ही प्रश्नांनी जनता शंभर टक्के चकित झाली.’ ऑगुस्तीन त्यांच्या खांद्यावरून वाचत होते. ते स्वतः बेटावरचे; भुवयांचा अर्थ त्यांना पाळण्यापासून माहीत होता. पण परदेशी पाहुण्याची चूक चारचौघांत दाखवणे त्यांनाही जमण्यासारखे नव्हते. ते म्हणाले, “अक्षर छान आहे तुमचं.”

“साहेब, आम्हाला राहायचं नाही की जायचं नाही,” कियोमी म्हणाली. “आम्हाला फ्रीज हवाय.”

“ते कार्यकक्षेत येत नाही. राहणं आणि जाणं, दोनच रकाने आहेत,” ऑगुस्तीन म्हणाले.

तेवढ्यात मागून रुका मावशी उठली. वय ऐंशी, दात दोन, आणि आयोगाला वाढून वाढून हात दुखलेले. “मग एवढं तरी सांगा बाबांनो. आमच्यात निघणाऱ्याला कधी रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. काही ना काही बांधून देतात. तुमच्या राजधानीत माणसाला निरोप देतात की नुसताच घालवून देतात?”

ऑगुस्तीन यांचा चेहरा पडला. हा इज्जतीचा प्रश्न होता. “देतो ना मावशी. निघणाऱ्याला द्यावंच लागतं.”

“आणि राहणाऱ्याला?”

“राहणाऱ्याला कोण देतं? तो घरचाच.”

कियोमीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चार वर्षे आपण घरचे म्हणून मागत होतो, हीच चूक झाली होती. दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर हिंडू लागली. “स्वतंत्र व्हा,” ती सांगे, “फ्रीज मिळेल.” देशभक्तीची इतकी स्वच्छ व्याख्या फानुमायने पूर्वी ऐकली नव्हती. लोकांनी भुवया उंचावल्या आणि या खेपेस मनापासून.

तिकडे राजधानीत फानुमायला जाऊ द्यावे की नाही यावर सात महिने वाद झाला. जाऊ द्या म्हणणाऱ्यांचे म्हणणे होते की जहाजाचे तेल वाचेल. जाऊ देऊ नका म्हणणारे म्हणाले, नकाशा छापून झाला आहे. तिसरा पक्ष म्हणाला की बेटे गेली तर चालतील, पण भोवतालच्या समुद्रातला ट्यूना मासा महासंघनिष्ठ आहे. त्यावर एकमत झाले. फानुमायच्या जमिनीस स्वातंत्र्य मिळाले; समुद्र पूर्वीप्रमाणे केंद्राकडे राहिला. यापुढे किनाऱ्यावर बसून पाण्यात गळ टाकणारा माणूस परदेशात मासेमारी करतो असे धरले जाणार होते. गुडघाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्याला पासपोर्ट लागणार होता.

स्वातंत्र्यदिनी जहाज आले आणि त्यातून निरोपाची भेट उतरली. पांढराशुभ्र फ्रीज, लाल रिबिनीसह. तो दवाखान्याच्या दारातून आत जाईना, म्हणून नव्या राष्ट्राने पहिला सार्वभौम निर्णय घेऊन भिंत पाडली. अंतोलिन आता राष्ट्राध्यक्ष झाले होते आणि झाडावरून भाषण करत होते. कियोमीने सौर वीज जोडली. आतला दिवा लागला. तिने हात आत घालून पाहिला, गार लागला, आणि ती सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडली. कोणी तिला हसले नाही.

मग ती धक्क्यावर गेली. खलाशाने तिच्या हाती बर्फाची पेटी दिली. ती फार हलकी होती.

“लस कुठाय?”

“लस फक्त महासंघातल्या राज्यांना असते ताई,” खलाशी ओशाळून म्हणाला. “तुम्ही आता परदेश. परदेशाला लस द्यायची तर परराष्ट्र धोरण लागतं. ते लिहायला घेतलंय म्हणे.”

तेलही गेले आणि तूपही गेले, हाती फ्रीज आला. रिकामा कशाला ठेवायचा म्हणून त्यात स्वातंत्र्यदिनाचा उरलेला केक ठेवण्यात आला. तो तीन आठवडे उत्तम टिकला.

कियोमीने अकरावे पत्र लिहिले: आम्हाला पुन्हा महासंघात घ्या. या वेळी तिने कागदाच्या तळापर्यंत स्वतःच लिहिले, भावासाठी ओळ ठेवली नाही. उत्तरादाखल तोच आयोग आला. नाव तेवढे बदलून ‘पुनर्मीलन शक्यता पडताळणी आयोग’ झाले होते. चीज नवीन होते.

“जरूर या, घर तुमचंच आहे,” ऑगुस्तीन म्हणाले. “फक्त एक अडचण. जो परत आला तो गेलाच नाही असं धरतात. आणि जो गेलाच नाही त्याला निरोपाची भेट कशी देता येईल? फ्रीज तेवढा जहाजावर चढवा.”

“म्हणजे फ्रीज हवा तर लस नाही, आणि लस हवी तर फ्रीज नाही?”

“किती सुटसुटीत मांडलंत,” ऑगुस्तीन म्हणाले. “अहवालात घेऊ का?”

पुन्हा सुनावणी भरली. राष्ट्राध्यक्ष आपल्या फांदीवर बसले. डॉक्टर लिंडक्विस्ट यांनी विचारले, “या प्रश्नाचा सखोल विचार होईपर्यंत थांबायची तुमची तयारी आहे ना?” सहाशे जणांच्या भुवया वर गेल्या. फक्त कियोमी पुढे आली, आणि तिने दोन्ही तळव्यांनी आपल्या भुवया घट्ट दाबून धरल्या. तिच्या आठवणीत फानुमायमध्ये पाहुण्याला कोणी असे नाही म्हटलेले नव्हते. झाडावर तिचा भाऊ फांदी धरून मान खाली घालून बसला. पिसारची मुले आता तेवीस झाली होती.

डॉक्टरांनी लिहिले: ‘एका महिलेस तीव्र डोकेदुखी.’ त्यांनी तिला दोन गोळ्या दिल्या. त्या फ्रीजमध्ये ठेवायची गरज नव्हती.

अहवाल अजून यायचा आहे. जनमत फक्त सहाशेच भरल्यामुळे आयोगाने ते बाहेरूनही मागवायचे ठरवले असून, ही हकिकत ज्यांच्या वाचनात येईल त्या सर्वांना मतदार धरण्यात येत आहे. वेगळे काही करायची आवश्यकता नाही. वाचता वाचता तुम्ही एकदोनदा भुवया उंचावल्या असतीलच. त्या तेवीस मुलांनी आणखी थोडे थांबावे, याला तुमचा होकार नोंदवून घेतला आहे.