आत गेलेल्या दोघी

इंदिराबाईंच्या केळीच्या बागेतल्या वाटेवर त्या सकाळी काय काय होतं, ते भूमिकानं सवयीनं मोजलं. सायकलच्या चाकाची एक रेघ, एका कुत्र्याची पावलं आणि बुटांच्या ठशांच्या दोन ओळी. दोन्ही ओळी आत जाणाऱ्या. बाहेर येणारा ठसा एकही नाही. आणि वाट जिथं संपते, तिथं विहीर!

"माग म्हंजे माग!" लोटन नानांनी काठी आपटली. नुसत्या पावलांवरून केळीचोर पकडणारा माणूस, तापीकाठी त्यांच्या शब्दाला तोड नव्हती. "दोन जनी मझार गयात. भाईर कोनीच उनं नै. बूट बी बायकी, एकसारखाच. जुळ्या बहिनी शेतस!"

थंडीनं केळी करपू नये म्हणून पहाटे बांधावर पालापाचोळा पेटवला होता. त्याचा धूर बागेत साचून राहिला होता. त्यात घडांना घातलेल्या पांढऱ्या पिशव्या लोंबत होत्या, मान खाली घालून उभ्या माणसांसारख्या. वारा नव्हता. तरी मधूनच एखादी पिशवी हलायची.

गावात घरोघर बायकांची मोजणी झाली. एकही कमी भरेना! सुनंदाबाईंकडे तर एक जास्तच निघाली. ती भुसावळची पाहुणी आहे हे ठरेपर्यंत बिचारीचा चहा अडला. विहिरीत गळ टाकला, तर इंदिराबाईंची कधीची हरवलेली बादली वर आली. मागोमाग पाण्यातून तीन बुडबुडे आले आणि सगळं गाव दोन पावलं मागं सरकलं.

"गावातल्या नैत, तर मंग कोन व्हत्यात?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"आजपासून वाट बंद," इंदिराबाई म्हणाल्या. "काटा टाका."

आता भूमिका पुढे झाली. दोन्ही ओळी तिच्याच होत्या!

कबड्डीत तिच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं. जळगावचे फिजिओथेरपिस्ट म्हणत होते, "गुडघा तयार आहे. तूच तयार नाहीस. धाव!" पण धावायला पाऊल उचललं की गुडघा आता निसटणार असं वाटून ती खांबासारखी थिजायची. मग ती रोज पहाटे जाताना सरळ चालायची आणि येताना, त्यांनीच सांगितल्याप्रमाणे, उलटी. पुढच्या महिन्यात धुळ्याला वनरक्षकाची मैदानी चाचणी होती. तिथं चालून पोचणाऱ्याला नोकरी देत नाहीत. आणि गावात खड्डा नसलेली वाट एवढीच!

"अहो, ती मीच होते," भूमिका म्हणाली. "येताना मी उलटी चालत आले."

 

"उलटी कोन चालस वं, माय?" सुनंदाबाईंचा आवाज बारीक झाला. त्या भूमिकाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. पायांकडे बघत होत्या. हळूहळू सगळेच बघायला लागले.

"पाय सरळच आहेत माझे!" भूमिकानं बूट काढून दाखवले. तेवढ्यानं भागेना म्हणून ट्रॅकपँट गुडघ्याच्या वर ओढून टाक्यांचे व्रण दाखवले. "हे बघा. मांडीमागची दोरी काढून आत बसवली आहे."

नाना वाकून निरखत म्हणाले, "मंग ती दोरीच उलटी बसाडेल व्हई!"

शास्त्रात प्रयोगाला पर्याय नाही. भूमिकानं बूट चढवले. तिच्या मेघावहिनीनं फोन वाटेच्या तोंडाशी केळीच्या बुंध्याला, वाट आडवी दिसेल असा टेकवून व्हिडिओ लावला. गावाकडे तोंड करून भूमिका उलटी चालायला लागली.

आधी लोकांचे पाय धुरात गेले, मग धड. नुसते चेहरे तरंगत राहिले, मग तेही विझले. उरला तिच्या बुटांचा आवाज. तो थोडा जास्तच येत होता. ती थांबली. तरीही एक पाऊल वाजलं.

"वहिनी?"

तिच्या मानेवर काहीतरी ओलं, गार, मऊ टेकलं. आणि कानाशी सावकाश श्वास सोडावा तसं वाजलं: फस्स...

ती दंव साचलेली घडाची पिशवी होती, हे उन्हं वर आल्यावर कळलं. त्या क्षणी भूमिकाला एवढंच कळलं की आपण धावतोय! सरळ, जिवाच्या आकांतानं, ओरडत!

इकडे गावानं काय पाहिलं? उलटी आत गेलेली बाई धूर फाडून सुलटी होऊन अंगावर येतेय!

"पया रे पया!" नाना ओरडले. काठी तिथंच उभी राहिली आणि गाव गेलं. मेघावहिनीही गेली. फोन तेवढा जागेवर राहिला.

डांबरी रस्त्यापर्यंत भूमिका थांबली नाही. गुडघा एकदाही निसटला नाही. संध्याकाळी तिनं तो व्हिडिओ जळगावला पाठवला. लगेच उत्तर आलं: "शाब्बास, धुळ्याला नक्की जा! पण पुढे धोतरात धावतोय, तो पेशंट कोणाचा?"

तेव्हा तिनं व्हिडिओ पुन्हा थांबवत थांबवत पाहिला, केळीच्या दोन झाडांमधलं पाच फूट अंतर धरून वेग काढला आणि दोनदा पडताळला.

भूमिका, वय तेवीस: ताशी चौदा किलोमीटर. लोटन नाना, वय एकाहत्तर: ताशी साडेसोळा.