भागीरथाबाईचं सरण

अचलपुरात भागीरथाबाईएवढी मरणाची तयारी दुसऱ्या कोणाची नव्हती. नवरा भर पावसात गेला, मोक्षधामातलं लाकूड ओलं निघालं आणि शेवटी त्याला टायर टाकून पेटवावं लागलं. जन्मभर बिडीसुद्धा न ओढलेला माणूस, गावभर काळा धूर सोडून गेला. तेरवी आटोपताच तिनं मोडक्या बैलगाडीची बाभूळ गोठ्याच्या माळ्यावर चढवली.

"हे माहं सरन," तिनं पोराला बजावलं. "हात लावशीन त माह्याआधी तुले जाळीन."

पोरगा श्रावण खरादी. खरादीच्या यंत्रावर खाटेचे पाय कातून घर चालवायचा. लोक लोखंडी दिवाणावर झोपू लागले आणि त्याची खराद थंडावली. मग तो पडक्या घरांच्या चौकटी, जुनी दारं आणून लाटणी काढू लागला. धंदा पुन्हा लागला. भागीरथाबाईचीही सोय झाली. खरादीखालचे छिलके बंबात घातले की आंघोळीचं पाणी हां हां म्हणता कढत.

दिवाळीच्या साफसफाईला ती माळ्यावर चढली, तर माळा रिकामा.

"माहं लाकूड कुठी हाये रे?"

"लाटनी केली, माय. जुनं लाकूड भेटेच ना, अन् गिऱ्हाईक दारात."

"अन् मी मेली त?"

"पावसाळ्यात नको मरू. बाकी पाहू."

आता गप्प बसेल ती भागीरथाबाई कसली. ओट्यावर उभी राहून तिनं समोरच्या प्रणालीला हाक मारली, "पोळ्या नरम होतात न वं? होतीनच. माह्या सरनाचं लाटनं हाये ते."

प्रणालीच्या सासूनं तोंडातला घास तिथंच थुंकला. दिवस मावळेपर्यंत अख्ख्या आळीची लाटणी ओट्यावर येऊन आदळली. माणिकबाईनं वर गोमूत्रही शिंपडलं. "लेकीचं लगन हाये माह्या घरी," ती म्हणाली, "अन् तुमी मसनातलं लाटनं देता?"

श्रावण बंद खरादीला टेकून बसला. धंदा गेला तो गेलाच. भागीरथाबाईनं मात्र पदर खोचून आपलं सरण मोजायला घेतलं. गाडीभर बाभळीचं टोपलंभर उरलं होतं.

"एवढ्यात त माहे पायही जळनार नाही. बाकीचं कुठी गेलं?"

श्रावणनं नुसतं बंबाकडं पाहिलं.

"म्हंजे इतके दिवस मी..."

"तूच त म्हने, लय झ्याक पेटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रावण लाटण्यांचं टोपलं उचलून माळ्याकडं निघाला.

"ठिव खाली," ती म्हणाली. "थंडी पडली हाये. पानी तापव."